हाकेला ओ कुठल्या भाषेत?

टेबलावर बाहुली बसवलेली असते. तिच्यापुढे मऊ लगद्याचा छोटासा केक, त्यात मेणबत्त्या म्हणून खोचलेल्या काड्या. तपासनीस मुलाला सांगतात, आज हिचा वाढदिवस आहे, चल, आपण साजरा करू. मूल काडी फुंकतं का, बाहुलीला घास भरवतं का, हे करताना समोरच्याकडे बघून हसतं का, या प्रत्येक गोष्टीची नोंद होते. स्वमग्नता ओळखण्यासाठी जगभर मानल्या जाणाऱ्या ‘एडॉस’ या चाचणीत अगदी लहान मुलांसाठी हा खेळ आहे.

आता समजा, समोर वर्धा जिल्ह्यातल्या एखाद्या पोडावरचं, म्हणजे कोलाम वस्तीवरचं, तीन वर्षांचं लेकरू बसलं आहे. केक हल्ली खेड्यापाड्यांतही पोचलाय, हे खरं. पण या लेकराच्या घरी तो कधी कापलेला नाही. बाहुली त्याच्या हाती आजवर आलेली नाही. बोलणारी व्यक्ती अनोळखी आणि तिची भाषा घरात बोलली जात नाही. लेकरू गप्प बसतं, केककडे बघत नाही, आईच्या पदरात तोंड लपवतं. हे स्वमग्नतेचं लक्षण आहे की नव्या जागेची भीती? अनुभवी तपासनीस घाई करणार नाही, आईला चार प्रश्न विचारील, पुन्हा बोलावील. मात्र ते चार प्रश्न आईला समजायला हवेत आणि पुन्हा यायला तिला जमायला हवं. अडचणीची सुरुवात इथूनच होते.

लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने १९४३ साली अकरा मुलांचं वर्णन करून स्वमग्नतेची ही अवस्था वैद्यकाच्या नकाशावर आणली. हा आजार नव्हे. मेंदूची घडण वेगळी असते आणि त्यामुळे बोलणं, माणसांशी जोडलं जाणं, आवाज-स्पर्श झेलणं या गोष्टी वेगळ्या रीतीने होतात. भारतात पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि आपल्या शेजारचा उत्तर गोवा अशा पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या सुमारे चार हजार मुलांची तपासणी झाली. २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साधारण आठातल्या एका मुलात मेंदूच्या विकासाशी संबंधित काही ना काही अडचण दिसली आणि स्वमग्नतेचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास निघालं. वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १३,००,७७४ होती. त्या प्रमाणाने हिशेब मांडला तर जिल्ह्यात अशी मुलं शेकड्यांनी असणार. गावागावांतून ती आहेतच. त्यांना नावं मात्र दुसरी पडलेली असतात. कुणी मुकं, कुणी बहिरं, कुणी येडं, कुणी नुसतंच ‘हट्टी’.

‘स्वमग्नता’ हा मराठी शब्द ऐकायला गोड आहे, पण तो थोडा फसवाही आहे. मूल आपल्याच नादात रमलंय, आपखुशीने कुणाकडे बघत नाही, असा त्याचा सूर निघतो. शिवाय तो पुस्तकातला शब्द. निंदणाला जाणाऱ्या आईच्या तोंडी तो येत नाही. तिला दिसतं ते वेगळं असतं. ‘लेकरू हाकेले ओ देत नाही,’ असं ती म्हणते. वऱ्हाडी बोलीतलं हे वाक्य बालरोगतज्ज्ञाच्या पहिल्या प्रश्नाचं अचूक उत्तर आहे. वर्षभराचं मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द आला नसेल, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा आलेले शब्द गेले असतील, तर तपासणी लांबवू नये, असं शास्त्र सांगतं. बहुतेक आयांना यातली निम्मी लक्षणं आधीच खटकलेली असतात. ‘याचा बापही उशिराच बोलला होता,’ हे घरातलं उत्तर तिला गप्प करतं.

टॅमरा डेली या संशोधिकेने दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि बंगळूरच्या पालकांशी बोलून २००४ साली एक अभ्यास मांडला. अमेरिकी पालकांपेक्षा भारतीय पालकांना शंका येते ती सहा ते दहा महिने उशिरा, आणि मूल बोलत नाही यापेक्षा ते माणसांत मिसळत नाही हे त्यांना आधी जाणवतं, असं तिला आढळलं. ही मोठ्या शहरांतली कुटुंबं होती, जिथे रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावर तज्ज्ञ होते.

वर्धा जिल्ह्यात ‘अल्पसंख्य’ म्हणजे कोण, हे एका शब्दात सांगता येत नाही. पुलगाव, आर्वी, हिंगणघाटच्या मोहल्ल्यांत उर्दू-हिंदी बोलणारी मुस्लिम कुटुंबं आहेत. धर्माच्या नोंदीत अल्पसंख्य असलेला बौद्ध समाज गावोगावी आहे. त्याची भाषा मराठीच, पण वस्ती बहुधा गावाच्या कडेला. अनुसूचित जमातींची लोकसंख्या जिल्ह्यात साधारण साडेअकरा टक्के आहे. त्यात गोंड अनेक, आणि केंद्र सरकारने विशेष दुर्बल आदिवासी गटात घातलेले कोलामही. बेड्यांवर, म्हणजे आपल्या वेगळ्या वस्त्यांवर राहणारे फासेपारधी आहेत. या सगळ्यांची अडचण एकसारखी नाही. एकाला भाषा अडवते, दुसऱ्याला कागद, तिसऱ्याला त्याच्याबद्दल आधीच तयार असलेलं मत.

भाषेची अडचण आधी बघू, कारण तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं.

मूळचे कॅनडाचे, पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवणारे मरे एमेनो हे भाषाशास्त्रज्ञ १९३० च्या दशकात भारतात फिरले. त्यांनी या भागातल्या कोलामांकडून त्यांची भाषा टिपून घेतली आणि १९५५ मध्ये तिचं व्याकरण, कथा आणि शब्दसंग्रह छापला. आजही भाषाशास्त्रात त्या बोलीला ‘वर्धा कोलामी’ असंच म्हणतात. कोलामी आणि गोंडी या दोन्ही द्राविडी भाषा, म्हणजे तेलुगू-कन्नडच्या कुळातल्या. मराठीशी त्यांचं नातं शेजाराचं आहे, रक्ताचं नाही. २०११ च्या जनगणनेत कोलामी मातृभाषा सांगणारे सुमारे १ लाख २८ हजार लोक होते आणि गोंडी सांगणारे सुमारे २९ लाख ८४ हजार. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत या दोन्ही भाषा नाहीत. वर्ध्यातली कितीतरी गोंड कुटुंबं आता घरातही मराठी किंवा वऱ्हाडी बोलतात, हेही नोंदवायला हवं. पण घरात आजी कोलामीत बोलते, आई दोन्ही मिसळून आणि अंगणवाडीत मराठी, अशा तिहेरी वातावरणात वाढणारं मूल तपासणीला आलं, तर काय होतं?

भारतात स्वमग्नतेचं प्रमाणपत्र देण्यासाठी परदेशी चाचणीची सक्ती नाही. आपली स्वतःची मोजपट्टी आहे. तिचं नाव ‘इसा’, म्हणजे स्वमग्नता मोजण्याची भारतीय श्रेणी. केंद्र सरकारने एप्रिल २०१६ मध्ये प्रमाणपत्रासाठी तीच ठरवून दिली. तिच्यात चाळीस बाबी आहेत आणि प्रत्येकीला एक ते पाच गुण. बेरीज ७० च्या खाली आली तर स्वमग्नता नाही, १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. चाळीसपैकी नऊ बाबी थेट भाषा आणि संवादाच्या आहेत. मूल ऐकलेलंच वाक्य पोपटासारखं परत म्हणतं का, ‘मी’च्या जागी ‘तू’ म्हणतं का, बोलायला सुरुवात करून ते टिकवतं का, असं तिथे बघायचं असतं.

कोलामी न येणाऱ्या तपासनिसाला हे कसं कळावं? लेकरू काहीतरी बोललं. ते उत्तर होतं की आईच्या प्रश्नाची नुसती पुनरावृत्ती? द्राविडी भाषांत ‘मी’, ‘तू’ क्रियापदाच्या शेपटाशी बांधलेले असतात. सर्वनाम बोललंच नाही तरी चालतं. मग लेकराची गफलत झाली की भाषेची रीतच तशी, हे ओळखायला ती भाषा कानात बसलेली हवी. दुभाषा म्हणून आईच पुढे होते. पण आई अर्थ सांगते, चूक सांगत नाही. लेकरू अर्धवट बोललं तर ती ते पूर्ण करून सांगते. ती आई आहे, तिने तसंच करावं. चाचणीचं मात्र त्यात नुकसान होतं, आणि ते दोन्ही बाजूंनी होऊ शकतं. परकी भाषा ऐकून गप्प झालेलं धडधाकट मूल स्वमग्न ठरेल, नाहीतर खरोखर स्वमग्न असलेल्या मुलाबद्दल ‘याला मराठी येत नाही, शाळेत गेलं की बोलेल’ असं सांगून त्याला परत पाठवलं जाईल. दुसरा धोका मोठा, कारण त्यात वर्षं जातात.

नजरेचंही तसंच. वडीलधाऱ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवू नये, अशी शिकवण कितीतरी घरांत असते. त्यामुळे डॉक्टरांकडे न बघणं यातून फारसं काही सिद्ध होत नाही. मूल आईकडे, भावंडांकडे, शेळीच्या करडाकडे कसं बघतं, करडू दाखवताना वळून आईच्या तोंडाकडे बघतं का, हे बघायचं असतं. ते दवाखान्याच्या खोलीत दिसत नाही. पोडावर दिसतं.

आता अंतर. जिल्ह्यातली दोन जुनी वैद्यकीय महाविद्यालयं, १९६९ मध्ये सुशीला नायर यांनी सेवाग्रामला उभं केलेलं आणि सावंगी मेघेचं, दोन्ही वर्धा शहरापासून हाकेच्या अंतरावर आहेत. जिल्हा रुग्णालय शहरातच. आष्टी आणि कारंजा हे तालुके उत्तरेच्या टोकाला. तिथल्या आडवळणाच्या वस्तीवरून निघालेली आई आधी फाट्यापर्यंत पायी येते, मग एसटी धरते. तपासणी एका फेरीत उरकत नाही. आधी कान तपासायचे, कारण हाकेला ओ न देणारं मूल बहिरंही असू शकतं. हा क्रम योग्यच आहे. मग बालरोगतज्ज्ञ, मग चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मग प्रमाणपत्राचा ठरलेला वार. देशात लाख लोकांमागे मनोविकारतज्ज्ञ एकही भरत नाही, पाऊणच येतो. त्यामुळे तारखा लांबच्या मिळतात. कापूस वेचणीच्या दिवसांत एक फेरी म्हणजे दोघांची रोजी बुडाली, शिवाय तिकीट, आणि घरी राहिलेल्या दुसऱ्या लेकरांना कुणाच्या भरवशावर ठेवायचं हा प्रश्न. तिसऱ्या फेरीला आई येत नाही, तेव्हा कागदावर ‘पाठपुरावा केला नाही’ असा शेरा पडतो. त्या शेऱ्यात वेचणीचा उल्लेख नसतो.

सरकारी योजनेचं रेखाटन चांगलं आहे, हे मान्य करायलाच हवं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच, पालघरहून झाली. फिरत्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत यायचं, तीस प्रकारच्या दोषांसाठी मुलं तपासायची आणि शंका आली तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं, अशी ती रचना. त्या तीसांत स्वमग्नताही आहे. पण पथक आलं त्या दिवशी कुटुंब कामाच्या शोधात बाहेरगावी असलं, तर सहा महिने गेले. जे मूल गर्दीत किंचाळतं म्हणून अंगणवाडीतच पाठवलं जात नाही, ते पथकाला दिसणारच नाही. म्हणजे ज्याला तपासणीची सर्वांत जास्त गरज, तेच नेमकं यादीबाहेर राहतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धती जाहीर केली आणि सेविकेला लक्षणं ओळखण्याचं प्रशिक्षण देण्याचं ठरलं. ती सेविका त्याच वस्तीतली, तीच भाषा बोलणारी असली, तर हे पाऊल खूप मोलाचं ठरू शकतं.

कागदांबद्दल थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत अशा मुलांना एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमासंरक्षण मिळतं आणि त्यात उपचारपद्धतींचा खर्चही धरलेला आहे. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं, प्रमाणपत्रासाठी आधार आणि पत्ता. वर्षानुवर्षं जागा बदलत राहिलेल्या बेड्यावरच्या कुटुंबाकडे मुलाच्या जन्माची नोंदच नसेल, तर ही साखळी पहिल्या कडीलाच तुटते.

पारध्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती कागदापेक्षा जड आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो १९५२ मध्ये रद्द झाला, पण संशयाची नजर रद्द झाली नाही. स्वमग्न मूल अचानक पळत सुटतं, दुसऱ्याच्या हातातली वस्तू न विचारता उचलतं, अडवलं की ओरबाडतं. वस्तू कुणाची, ही समजच त्याला उशिरा येते. हेच वागणं शहरातल्या सुखवस्तू घरातल्या मुलाने केलं, तर शिक्षिका पालकांना समुपदेशकाचा पत्ता देते. पारध्याच्या पोराने केलं, तर ते त्याच्या जातीच्या खात्यावर जमा होण्याचा धोका असतो. मजुराचं मूल बोलत नसेल, तर ‘घरी कुणी बोलायलाच नसतं’ हे स्पष्टीकरण तयार असतं. कुपोषण, अस्वच्छता, आईचं शिक्षण अशी समोर दिसणारी कारणं इतकी पुढे येतात, की मूल त्यांच्या मागे झाकलं जातं.

ही भीती कल्पनेतली नाही. डेव्हिड मँडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये फिलाडेल्फियातल्या मुलांची आकडेवारी प्रसिद्ध केली. सगळी मुलं गरिबांसाठीच्या एकाच सरकारी विमा योजनेतली. तरीही गोऱ्या मुलांना स्वमग्नतेचं निदान सरासरी ६.३ व्या वर्षी मिळालं आणि कृष्णवर्णीय मुलांना ७.९ व्या वर्षी. पुढच्या एका अभ्यासात असं दिसलं, की कृष्णवर्णीय मुलांना पहिल्या भेटीत स्वमग्नतेऐवजी वर्तनाच्या विकाराचं लेबल लागण्याची शक्यता जास्त होती. पैसा सारखाच होता, फरक बघणाऱ्याच्या नजरेत होता. आणि तो बुजवता येतो हेही तिथेच दिसलं. २०२० च्या अमेरिकी आकडेवारीत प्रथमच आठ वर्षांच्या कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि आशियाई मुलांत नोंदलेलं प्रमाण गोऱ्या मुलांपेक्षा जास्त निघालं. तपासणी वस्त्यांपर्यंत पोचली, तशी आधी न दिसलेली मुलं दिसू लागली.

आदिवासी मुलांच्या वाट्याला आणखी एक अडथळा येतो, तो आश्रमशाळेचा. सहाव्या-सातव्या वर्षी मूल निवासी शाळेत जातं. तिथे कुणाला शंका आली, तरी तपासनीस विचारतो ते बाळपणाचं. हे हसायला कधी लागलं, बोट कधी दाखवलं, पहिला शब्द कोणता होता? त्याची उत्तरं अधीक्षकाकडे नसतात. ती आईकडे असतात आणि आई तालुका ओलांडून दूर असते.

श्रद्धेचा विषय टाळून चालणार नाही. मूल बोलत नाही म्हणून घरचे आधी भुमकाकडे, म्हणजे आदिवासींच्या पुजारी-वैदूकडे जातात, पुजाऱ्याकडे जातात, समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या दर्ग्यावर नवस बोलतात. तिथे सर्व धर्मांची माणसं येतात. शिकलेली माणसं या वाटेला निदानातला मुख्य अडथळा ठरवून मोकळी होतात. ते बरोबर वाटत नाही. दर्गा जवळ आहे, तिथे तारीख लागत नाही, तिथला माणूस आईचं म्हणणं तिच्या भाषेत ऐकून घेतो. दवाखान्याने यातल्या किती गोष्टी देऊ केल्या? गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा और दुआ’ हा मानसिक आरोग्याचा उपक्रम चालला, तो याच समजुतीवर. तिथले मुजावरच रुग्णांना डॉक्टरकडे जायला सांगू लागले. मूल आणि तपासनीस यांची गाठ गिरडच्या उरुसातही पडू शकते.

निदानानंतरच्या मदतीचा एक धडा गोव्यातून मिळतो. ‘संगाथ’ या संस्थेने रावळपिंडीतल्या संशोधकांबरोबर एक पद्धत आजमावली आणि २०१६ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तज्ज्ञ नसलेल्या पण नीट शिकवलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन आई-वडील मुलाशी कसे खेळतात याचं चित्रण केलं, ते त्यांना दाखवलं आणि मूल कुठे संवाद साधू बघतंय ते ओळखायला शिकवलं. दर पंधरवड्याला एक अशा बारा भेटी, स्वमग्नता असलेली ६५ मुलं. जिथे ही मदत मिळाली तिथे आई-वडील मुलाच्या कलाने बोलू लागले आणि मूल अधिक वेळा स्वतःहून त्यांच्याकडे वळू लागलं. ही सारी कामं तज्ज्ञाच्या खोलीबाहेर झाली.

घरोघर जाण्याची ही रीत वर्ध्याला नवी नाही. कुष्ठरोग हा एके काळी लपवण्याचा रोग होता. मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं. १९५१ मध्ये वर्ध्यातच गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान उभं राहिलं आणि तिथून एक पद्धत देशभर गेली. आधी घराघरांत जाऊन पाहणी, मग लोकशिक्षण, मग घराजवळ उपचार. रोगी दवाखान्यात येईल म्हणून वाट बघत बसायचं नाही, हा तिचा पाया होता. मातृभाषेचंही तसंच. ऑक्टोबर १९३७ मध्ये याच शहरात भरलेल्या शिक्षण परिषदेने लहान मुलाचं शिक्षण त्याच्या मातृभाषेतून व्हावं, असा ठराव केला आणि त्यातून नई तालीम उभी राहिली. जे शिकवण्याबद्दल मान्य केलं, ते तपासण्याबद्दल करायला कुणाची हरकत असेल?

काम तसं बारीकसारीक आहे. ‘इसा’च्या चाळीस बाबींचे प्रश्न कोलामी, गोंडी, पारधी बोली आणि उर्दूत नुसते भाषांतरित न करता त्या-त्या बायकांसमोर बसून बोलून बघायचे. अंगणवाडीच्या मदतनीस बाईला दुभाषाचं काम शिकवायचं आणि त्याचे पैसे द्यायचे. कान, बालरोग आणि मानसशास्त्र या तिन्ही तपासण्या एकाच दिवशी, आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी ठेवायच्या, कारण त्या दिवशी माणसं तशीही गावात येतात.

आणि बाहुलीचा वाढदिवस? सेलू तालुक्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा अख्ख्या विदर्भात नावाजलेला आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं आपापला लाकडी नंदी सजवून घराबाहेर पडतात. केकच्या जागी टेबलावर असा एक छोटा नंदी ठेवता येईल. त्याला झूल कोण घालतं, ओंजळीतून चारा कोण देतं, दोरी ओढत ‘बघ’ म्हणून आईकडे कोण वळतं, हे बघायचं. मुस्लिम घरातलं मूल असेल, तर ईदच्या शेवयांची वाटी. खेळ कुठलाही चालेल, फक्त तो लेकराच्या घरातला हवा, आणि ‘हे घे, नंदीला खाऊ घाल’ हे त्याला त्याच्या आईच्या भाषेत सांगायला हवं.